बाटलीतले तेल आणि आत्म्याचा अभिषेक

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने पत्रातील आशय तेवढा येथे देतो. त्यांचे पती शेतकरी असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. सुगीच्या दिवसांत भाताचे धसकट तळपायात घुसले आणि ती जखम दोन महिने झाले तरी भरलेली नाही, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले आहे. मुलगा उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. लहानपणापासून तो आईबरोबर मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येत असे. गेल्या वर्षापासून मात्र कामावरच्या मित्रांसोबत एका कन्नड प्रार्थनासभेला जाऊ लागला आहे. तेथून त्याने 250 रुपयांना ‘अभिषेकाचे तेल’ म्हणून एक लहान बाटली आणली आणि हे तेल वडिलांच्या जखमेवर लावावे, विश्वास असेल तर सुई बंद करावी, असा आग्रह धरला. आईने शंका काढली तेव्हा तो म्हणाला, की तुला अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने प्रार्थनेत तोंडून निघणारी न शिकलेली वाणी, बोलता येत नाहीत, म्हणजे तुला अभिषेकच झालेला नाही. शिवाय देवाच्या अभिषिक्तांविरुद्ध बोलू नये असे वचन आहे. “माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का केल्याचा विधी) झाले, बत्तीस वर्षे मी प्रभुभोजन घेते, मग माझ्यात काय कमी राहिले?” असे या भगिनी विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे, की शेजारच्या काकूंनी ती बाटली पाहून “तुमच्यातही अभिषेक असतो होय?” असे विचारले आणि मला काहीच सांगता आले नाही.

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती थांबण्यासारखी नाही. इन्सुलिन बंद करू नका, आणि उघड्या जखमेवर ते तेल लावू नका. मधुमेही माणसाच्या पायाची जखम चिघळली तर ती बोटापर्यंत, घोट्यापर्यंत आणि पुढेही जाते, आणि वेळ गेल्यावर डॉक्टरांच्या हाती पाय कापण्यावाचून काही उरत नाही. बाटलीत कोणते तेल आहे आणि त्यात काय मिसळले आहे हे तिच्यावर लिहिलेले नाही, असे तुम्हीच कळवले आहे. मलमपट्टी जशी सांगितली आहे तशी चालू द्या आणि तपासणीची तारीख चुकवू नका. यात विश्वासाची परीक्षा वगैरे काही नाही. जखमांवर तेल ओतण्याची गोष्ट प्रभूने स्वतःच चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात सांगितली आहे. पण तो शोमरोनी तेल आणि द्राक्षारस ओतून निघून गेला नाही. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले. आपल्याकडचे हिशेब लावायचे तर पट्टी करून, गाडी करून बेळगावला नेऊन, खर्चही भरला. तेलाबरोबर हे सगळे येते.

आता शब्दाकडे वळू, कारण अर्धा गोंधळ शब्दाचाच आहे. मराठीत अभिषेक म्हटले, की डोळ्यांपुढे पिंडीवर धरलेली संततधार किंवा 1674 साली रायगडावर झालेला राज्याभिषेक येतो. संस्कृतातील मूळ धातूचा अर्थ शिंपडणे, सिंचन करणे असा आहे. हिब्रू भाषेत मात्र जो शब्द आहे, ‘माशाह’, त्याचा अर्थ माखणे किंवा तेल चोपडणे असा आहे, आणि तो इतका घरगुती आहे, की बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात बेखमीर पातळ पापड्यांना तेल लावण्यासाठीही तोच वापरला आहे. तुम्ही तव्यावरच्या पोळीला बोटांनी तेल लावता, तीच क्रिया. शिंपडलेले पाणी ओघळून जाते आणि माखलेले तेल आत मुरते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. याच ‘माशाह’पासून मशीहा हा शब्द आला, त्याचे ग्रीक रूप ‘ख्रिस्तोस’, आणि त्यावरून आपण स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो. म्हणजे आपल्या नावातच अभिषेक आहे. शेजारच्या काकूंनी पुन्हा विचारले तर सांगा, की तुमच्याकडे भक्त देवाला अभिषेक घालतो आणि आमच्याकडे देव माणसाला अभिषेक करतो. त्यांच्या पूजेला कमी न लेखता दोन परंपरांतला फरक एवढ्या वाक्यात सांगता येतो.

देव माणसाला अभिषेक करतो तो कशासाठी, हे जुन्या करारात फार स्पष्ट आहे. याजक, राजा आणि क्वचित संदेष्टा यांना तेल लावून एखाद्या कामासाठी वेगळे काढले जाई. दाविदाचेच पाहा. शमुवेल तेलाचे शिंग घेऊन बेथलेहेमात आला, इशायाचे सात मुलगे पुढून गेले आणि निवड झाली ती रानात मेंढरे राखणाऱ्या सर्वांत धाकट्याची. तेल ओतले गेले, परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला, आणि त्यानंतर तो सिंहासनावर बसला नाही. काही काळाने तेव्हाचा राजा शौल याचे जासूद आले तेव्हाही तो मेंढरांकडेच होता. पुढे गुहांतून आणि रानांतून जीव वाचवत फिरण्याची वर्षे आली, आणि हेब्रोनात यहूदाच्या घराण्यावर राजा म्हणून दुसऱ्यांदा अभिषेक झाला तेव्हा त्याचे वय 30 होते. अभिषेक झाला की दुसऱ्या दिवसापासून आजार, कर्ज आणि अडचणी संपतात, असे जे सांगितले जाते, त्याला दाविदाच्या चरित्रात कोठेही आधार सापडत नाही. ज्याच्यापासून तो पळत होता तो शौलही अभिषिक्तच होता, आणि त्याच्यापासून देवाचा आत्मा निघून गेला होता. आणखी एक नाव ऐकून तुमच्या मुलाला आश्चर्य वाटेल: यशया 45 मध्ये परमेश्वर पारसचा राजा कोरेश याला आपला अभिषिक्त म्हणतो, आणि तू मला ओळखत नसताना मी तुला नावाने हाक मारली, असेही त्याला सांगतो. बंदिवान लोकांना घरी परत पाठवण्याचे काम त्याच्या हातून व्हायचे होते, म्हणून तो अभिषिक्त. अभिषेक म्हणजे पावित्र्याचे प्रशस्तिपत्रक नव्हे आणि अंगी आलेली जादूही नव्हे. तो कामाचा हुकूम आहे, आणि त्या कामासाठी लागणारे बळ त्याच्यासोबत दिलेले असते.

येशूच्या बाबतीत हे सर्व एका ठिकाणी येते. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा ग्रंथ उघडून वाचला, की प्रभूचा आत्मा माझ्यावर आहे, कारण दीनांस सुवार्ता सांगण्यासाठी त्याने मला अभिषेक केला आहे. आणि पुढे बंदिवानांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांची मुक्तता अशी कामांची यादीच आहे. यार्देन नदीवर बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या मस्तकी कोणी तेल ओतले नव्हते, आत्माच उतरला होता. प्रत्यक्ष तेल त्याच्या मस्तकावर पडले ते बेथानी येथे, जेवणाच्या वेळी. एका स्त्रीने जटामांसीच्या सुगंधी तेलाची कुपी फोडली. तीनशे दिनारांना विकले गेले असते इतके ते मोलाचे, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई होती. बसलेले लोक कुरकुरले. येशू म्हणाला, हिने माझ्या उत्तरकार्यासाठी आधीच माझ्या शरीराला तेल लावले आहे. याजकाने नाही, शमुवेलासारख्या संदेष्ट्यानेही नाही, तर जिचे नावही शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने दिलेले नाही अशा एका बाईने राजाला तेल लावले आणि तो राजा त्या आठवड्यातच वधस्तंभावर गेला. मंचावरच्या दिव्यांच्या झगमगाटात अभिषेकाचे गुणगान चालते तेव्हा मला हटकून ती फुटलेली कुपी आठवते.

आता तुमचा प्रश्न: तुमच्यात काय कमी राहिले? प्रेषित योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. ज्या ग्रीक नामाचे भाषांतर आपण अभिषेक असे करतो, ते ‘ख्रिस्मा’ हे नाम संपूर्ण नव्या करारात फक्त 3 वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा याच अध्यायात, विसाव्या आणि सत्ताविसाव्या वचनांत. योहान हे का लिहितो आहे हे ध्यानात घ्यावे. मंडळीतून काही लोक बाहेर पडले होते आणि मागे राहिलेल्या साध्या विश्वासणाऱ्यांना ते भुलवू पाहत होते. योहान त्या मागे राहिलेल्यांना सांगतो, की पवित्र परमेश्वराकडून तुमचा अभिषेक झाला आहे आणि तो तुमच्यात राहतो. ज्यांना कमी लेखले जात होते त्यांना धीर देण्यासाठी हे वचन लिहिले गेले. आज तेच वचन तुमच्यासारख्यांना कमी लेखण्यासाठी वापरले जावे, हे मला क्लेशकारक वाटते. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, दुसऱ्या पत्राच्या आरंभी लिहितो, की देवाने आम्हाला अभिषेक केला, आमच्यावर शिक्का मारला आणि आमच्या अंतःकरणात आत्मा हा विसार दिला. विसार म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीचा सौदा ठरला की आपण इसार देतो. सगळी रक्कम अजून यायची असते, पण व्यवहार पक्का झालेला असतो. तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताच्या अभिषेकात तुमचा वाटा आहे. तो कमी आहे असे सांगणाऱ्याने पौलाशी वाद घालावा.

तरी अन्य भाषांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या खोट्या आहेत असे मी मानत नाही. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी शिष्य अन्य भाषांतून बोलले आणि करिंथच्या मंडळीतही ते कृपादान होते. पौलाने मात्र त्याच मंडळीला विचारले, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? हा प्रश्न अशा रीतीने विचारला आहे, की उत्तर नाही असेच येते. आपल्या मराठी मुलखातही असे घडलेले आहे. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुली प्रार्थनेसाठी जमल्या असता मोठी जागृती झाली; मुली रडल्या, पापे कबूल केली, तासन् तास एका आवाजात प्रार्थना केली, आणि पुढे अन्य भाषांचाही अनुभव आला. परंतु रमाबाईंनी त्याच एका खुणेवरून कोणाला आत्मा मिळाला आणि कोणाला नाही, असे माप लावले नाही, आणि त्या मुलींच्या टोळ्या सुवार्ता घेऊन आसपासच्या गावांत गेल्या. दुष्काळातून आणि बालवैधव्यातून आलेल्या मुली होत्या त्या. मला ती खूण अधिक विश्वासार्ह वाटते.

‘माझ्या अभिषिक्तांना स्पर्श करू नका’ हे वचन स्तोत्र 105 मध्ये आहे. त्याच्या आधीच्या तीन ओळी मुलाला मोठ्याने वाचायला लावा. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची माणसे संख्येने थोडकी होती, परक्या मुलखात उपरी म्हणून एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होती, आणि देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावले, असा तो संदर्भ आहे. म्हणजे ही ताकीद बलवानांना आहे आणि दुबळ्यांच्या रक्षणासाठी आहे; मंचावरच्या माणसाला प्रश्नांपासून वाचवण्यासाठी नाही. दाविदाने शौलावर तलवार उचलली नाही हे खरे, पण गुहेबाहेर येऊन, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, तू माझ्या जिवावर का उठला आहेस, असे त्याला सर्वांसमक्ष विचारलेच. आणि दावीद स्वतः राजा झाल्यावर चुकला तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हणाला. तुम्ही तर एवढेच विचारले, की या बाटलीत काय आहे.

तेलाविषयी सांगायचे तर निर्गम 30 मध्ये अभिषेकाच्या पवित्र तेलाची कृती मोजमापासह दिली आहे: गंधरस आणि तज प्रत्येकी 500 शेकेल (एक जुने वजन), दालचिनी आणि सुगंधी बोरू प्रत्येकी 250 शेकेल आणि एक ‘हीन’ (द्रवाचे एक जुने माप) जैतुनाचे तेल. लगेच पुढे मनाई आहे. ते सामान्य माणसाच्या अंगाला लावू नये, त्या कृतीने दुसरे तेल करू नये. जो करील त्याचा स्वजनांतून उच्छेद होईल. ज्या तेलाची नक्कल करायला देवाने बंदी घातली, त्याच्या नावाने 250 रुपयांची बाटली कशी निघते, हे मला समजलेले नाही. प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये शोमरोनातील शिमोनाने आत्म्याचे दान देण्याचा अधिकार विकत मागितला, तेव्हा पेत्राने त्याला त्याच्या पैशासकट झिडकारले. तेथे विकत घेणारा उभा होता आणि विकणारा कोणी नव्हता, हे विशेष.

याचा अर्थ मंडळीत तेलाला जागाच नाही असा नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. तुमच्या तालुक्यात कॅथलिक कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्याकडे पवित्र आठवड्यात बिशप तीन तेले आशीर्वादित करतात, त्यांतले एक केवळ आजाऱ्यांसाठी असते, आणि ते लावण्याचा संस्कार वैद्यकीय उपचारांच्या जागी नव्हे तर उपचारांच्या जोडीने होतो. माझ्या आजीच्या वेळचे मला आठवते. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. पावसाचे दिवस होते आणि आमचे पाळक सायकलवरून आले. सायकल पडवीत टेकवून त्यांनी धोतराच्या सोग्याने हात कोरडे केले आणि खिशातून औषधाची रिकामी झालेली एक छोटी बाटली काढली. तिच्यात आमच्याच स्वयंपाकघरातले खोबरेल तेल घालून द्यायला त्यांनी आईला सांगितले. अंगठा बुडवून आजीच्या कपाळावर त्यांनी एकच खूण केली, दोन-तीन मिनिटे हळू आवाजात प्रार्थना केली, आणि मग चहा घेताना वडिलांना विचारले, “सकाळी दवाखान्यात न्यायला बैलगाडी ठरली आहे ना?” आजी त्यानंतर आठ महिने जगली. त्या तेलाने ती बरी झाली, असे घरात कोणीही कधी म्हटले नाही, आणि ते तेल वाया गेले असेही कोणी म्हटले नाही. आजीला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली होती.

मुलाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुमचे पत्र वाचताना मला त्याचाही विचार येत राहिला. त्याची भूक खोटी नाही. बेळगावात 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी काम सुरू केले आणि पुढे 1904 साली ते मेथडिस्टांकडे आले. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांनी शाळा, शिस्त आणि गायन उत्तम जपले, पण पवित्र आत्म्याविषयी आपण वर्षातून एकदा, पेंटेकॉस्टच्या रविवारी बोलतो, आणि तेव्हाही घड्याळाकडे पाहत. दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या तरुणाला कोणीतरी नावाने हाक मारून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तर तो तिकडे जाणारच. आपल्या मंडळीत त्याच्या डोक्यावर शेवटचा हात दृढीकरणाच्या दिवशी ठेवला गेला असावा. म्हणून त्या सभेला जाऊ नको अशी शपथ त्याला घालू नका. तेथे त्याचे दारू पिणे सुटले, असे तुम्हीच लिहिले आहे; त्याबद्दल मनापासून उपकार माना आणि ते त्याला बोलून दाखवा. पेत्राने कर्नेल्य या रोमी सेनाधिकाऱ्याच्या घरी येशूविषयी सांगितले, की देवाने त्याला पवित्र आत्म्याचा व सामर्थ्याचा अभिषेक केला आणि तो सत्कर्मे करीत फिरला. मुलाला एवढेच विचारा, की तुमच्या सभेत अभिषेक झालेली माणसे सोमवारी काय करतात. हा टोमणा होऊ देऊ नका; त्याच्याकडे चांगले उत्तर असूही शकेल.

आणि त्याला एक काम द्या. तुमच्या पाळकांना आणि मंडळीतील दोन वडिलांना एखाद्या संध्याकाळी घरी बोलवा, मुलाची पाळी संपण्याच्या वेळेनंतर. याकोबाचे वचन त्यालाच वाचू द्या. कन्नडमध्ये वाचावेसे वाटले तर कन्नडमध्ये वाचू द्या, तुमच्या घरात ते कोणाला कळत नाही असे नाही. तेल घरातले वापरा आणि ते कपाळाला लावा, पायाला नको. ती विकत आणलेली बाटली मुलाच्या हाती परत द्या आणि तिचे काय करायचे ते त्याला ठरवू द्या. तुमचे यजमान रात्री आठला जेवतात आणि त्याआधी सुई घ्यावी लागते, असे पत्रात आहे. प्रार्थना लांबली आणि ती वेळ आली, तर संकोच न करता तसे सांगा आणि आधी सुई द्या. पाळक तेवढा वेळ थांबतील.